माग, पंजी आणि पाटी : पूर्व विदर्भातील पाळतीच्या साधनांचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील सौंदड हे गाव दोन वाटांच्या छेदाजवळ वसलेले आहे. नागपूर, भंडारा, साकोली या क्रमाने पूर्वेकडे येणारा आणि देवरीपुढे छत्तीसगडात उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ही त्यांतील एक वाट होय. जुन्या पिढीच्या तोंडी हा महामार्ग अद्यापि 'सहा नंबर' आहे; २०१० च्या फेरक्रमांकनाने त्याला ५३ हा अंक मिळाला. दुसरी वाट म्हणजे गोंदियाहून नागभीड-बल्लारशाकडे दक्षिणेस जाणारा लोहमार्ग. अशा ठिकाणी परक्या माणसाचे येणे-जाणे नित्याचे असते, आणि जेथे परक्याचे येणे-जाणे नित्याचे असते तेथे 'हा कोण, कोठला, कोठे निघाला' हा प्रश्नही नित्याचाच असतो. हा प्रश्न कोणी विचारावयाचा, उत्तर कोठे लिहून ठेवावयाचे, आणि लिहिलेले कोणाला पाहावयास मिळावयाचे, या तीन गोष्टींचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

निमित्त अर्थातच आजचे आहे. वाहनाची क्रमांक-पाटी वाचून ती, वेळ व स्थळ यांसह साठवून ठेवणारे कॅमेरे गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात पसरले. त्यांना मराठीत अजून रुळलेले नाव नाही. येथे सोयीसाठी 'पाटीवाचक कॅमेरा' असे म्हणू. या यंत्राविषयी लिहिताना ते अपूर्व आहे असे गृहीत धरण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा असल्यामुळे त्याला प्रथम शब्द दिसतात, आणि शब्दांच्या साक्षीने पाहता ही वस्तू वाटते तितकी नवी नाही.

'पाळत' हा शब्दच घ्या. त्याचे नाते 'पाळणे' या क्रियापदाशी, आणि त्यातून संस्कृत 'पाल्' या रक्षणार्थक धातूशी आहे. मूल पाळणे, गुरे पाळणे, वचन पाळणे, आणि एखाद्यावर पाळत ठेवणे ही सर्व एकाच कुळातील रूपे होत. रक्षण आणि संशय यांच्यासाठी भाषेने दोन निराळी घरे बांधली नाहीत. 'पहारा' हा प्रहरापासून आला. त्यात केवळ काळाचे मोजमाप आहे. 'जागल्या' म्हणजे जो इतरांसाठी जागतो तो. याउलट 'बातमीदार' या शब्दाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मराठेशाहीत तो हेराचा वाचक होता, आज तो वृत्तपत्राचा नोकर आहे. माहिती आणणारा तोच राहिला. ती कोणासाठी आणावयाची एवढेच बदलले. हा एवढासा फरकच पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

पेशवाईच्या अखेरीस दख्खनच्या गावांत पाळत कशी चाले याचे वर्णन मौंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली सादर केलेल्या अहवालात सापडते. गावच्या जागल्याने प्रत्येक रहिवाशाची चालचर्या जाणून असावे, रात्री फिरावे, आणि चोरी झाल्यास पावलांवरून माग काढावा. माग शिवेपर्यंत गेला आणि पुढच्या गावच्या राखणदाराची तो पाहून खात्री पटली, म्हणजे पहिला मोकळा होई; माग पुढे नेण्याची जबाबदारी दुसऱ्यावर येई. ज्या गावात माग हरवला त्या गावाने गेलेल्या मालाची भरपाई करावयाची. राखणदाराच्या ऐपतीपलीकडची रक्कम गावावर बसे. ही वसुली अन्यायाची आहे, कारण चोरी थांबवणे वा नुकसान भरणे हे गावाच्या हाती असेलच असे नाही, हेही एल्फिन्स्टनने नोंदविले आहे. प्रत्यक्षात ती पूर्णपणे क्वचितच होई, दंडावर भागे.

एल्फिन्स्टनचा अहवाल पेशव्यांच्या मुलखाचा आहे. वैनगंगेचे खोरे तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होते. म्हणून त्यातील तपशील सौंदडला चिकटवता येत नाही. परंतु तत्त्व म्हणून त्याकडे पाहावयास हरकत नाही. या पद्धतीत खूण ही मातीवर उमटलेली, तात्पुरती आणि उघड असते. ती दोन गावच्या माणसांनी समोरासमोर पाहून मान्य करावयाची असते. आणि जो पाळत ठेवतो तोच तिच्या अपयशाचा देणेकरी असतो.

ही व्यवस्था रम्य होती असे सुचविण्याचा हेतू नाही. रात्रीचा पहारा, सरकारी निरोप, मेलेले ढोर ओढणे ही सर्व कामे वंशपरंपरेने ज्यांच्या माथी मारली होती त्यांत महार समाज अग्रभागी होता, आणि पहारेकऱ्याला गावाच्या आत घर नव्हते. ज्याच्या जागण्यावर गाव झोपे त्याला गावकुसाबाहेर ठेवण्यात कोणाला विसंगती दिसत नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले ते या वेठीविरुद्धच. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा कायदा व्हावयास १९५८ साल उजाडावे लागले. सामुदायिक सुरक्षा हा शब्द उच्चारताना समुदायात कोण धरला आहे आणि कोण केवळ राबविला आहे हे विचारण्याची सवय या इतिहासाने आपल्याला लावली पाहिजे होती.

नागपूरचे राज्य १८५३ नंतर खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. भंडारा जिल्ह्यात (गोंदिया जिल्हा त्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला) मालगुजार, मुकद्दम, पटवारी आणि कोतवाल अशी गावची घडी बसली. इकडे कोतवालाला कोतवार असेही म्हणतात. नगराचा बडा अधिकारी असलेला कोतवाल खेड्यात येऊन सर्वांत धाकटा सेवक कसा झाला, हा अर्थसंकोचाचा एक सुंदर नमुना आहे, पण तो स्वतंत्र टिपणाचा विषय. येथे महत्त्वाचे हे की या कोतवालाच्या हाती एक वही आली. जन्म आणि मृत्यू यांची खबर त्याने पोलीस ठाण्यावर द्यावयाची, आणि ती वहीत उतरावयाची. नाव, बापाचे नाव, जात, तारीख, मरणाचे कारण. मातीवरचा माग आता कागदावर आला. पाऊल पावसाने पुसते. पंजी पुसली जात नाही.

याच वहीचे पुढे काय झाले ते पाहिले की चकित व्हावयास होते. विदर्भात आज 'कोतवाल बुकाची नक्कल' हा शब्दप्रयोग ज्याला ठाऊक नाही असे कुटुंब विरळा. जातवैधतेसाठी पणजोबाच्या जन्माचा दाखला हवा असतो, आणि तो याच पंजीत मिळतो. तहसील कचेरीत अर्ज करावयाचा, शुल्क भरावयाचे, जुन्या मोडीतील अथवा देवनागरीतील ओळ शोधून घ्यावयाची आणि शिक्का मारून नक्कल हाती घ्यावयाची. परकीय राजवटीने आपल्या सोयीसाठी ठेवलेली नोंद शंभर वर्षांनी नोंदल्या गेलेल्यांच्या नातवंडांचा पुरावा झाली. हे कोणाच्या कृपेने झाले नाही. पंजी गावच्या नावाने होती, तिचा रखवालदार ठाऊक होता, तिची कचेरी ठाऊक होती, आणि नक्कल मागण्याची वाट खुली होती, म्हणून ते झाले. पाळतीची नोंद समाजाच्या कामी यावयाची तर या चार गोष्टी असाव्या लागतात, असे या एका उदाहरणावरून म्हणण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करतो.

याच राजवटीत दुसऱ्याही पंज्या होत्या, आणि त्यांची गती निराळी झाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच संशयित ठरविल्या. त्यांची नावे नोंदवावयाची, हजेरी घ्यावयाची, गाव सोडण्यास परवाना लावावयाचा. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण 'हिस्टरीशीट' ही संस्था ठाण्याठाण्यांत राहिली. तिच्याविषयीचे दोन निवाडे या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून वाचले पाहिजेत. खडकसिंग प्रकरणात (१८ डिसेंबर १९६२) सर्वोच्च न्यायालयाने रात्री घरी जाऊन तपासणी करण्याची उत्तर प्रदेश पोलिसांची तरतूद रद्द केली. गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश (१९७५) हा निवाडा आपल्याला अधिक जवळचा, कारण भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेश राज्यातच होता. त्यात विनियम ८५५ व ८५६ न्यायालयाने रद्द केले नाहीत. परंतु ज्याच्याविषयी गुन्हेगारी जीवनाची साधार शंका आहे त्याच्यापुरतीच पाळत मर्यादित असावी असा अर्थ लावला. दोन्ही खटल्यांत पाळतीला नाव होते. एक माणूस, एक कागद, एक कारण. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्याने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला तेव्हा खडकसिंग निवाड्यातील त्याविरुद्धचा भाग अधिकृतपणे मागे पडला. मात्र तोवर पाळतीचे साधनच बदलून गेले होते.

ते बदलले रस्त्यावर. वाहनावर क्रमांक लावण्याची सक्ती पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली केली. ब्रिटनने १९०३ च्या कायद्याने. हिंदुस्थानासाठी १९१४ चा मोटार वाहन कायदा आला, मग १९३९ चा, आणि सध्याचा १९८८ चा. हा शेवटचा १ जुलै १९८९ पासून अमलात येऊन राज्याची दोन रोमन अक्षरे, कार्यालयाचा अंक, मालिका व क्रमांक असा आजचा साचा देशभर रूढ झाला. गोंदियाला ३५, भंडाऱ्याला ३६, गडचिरोलीला ३३. केंद्रीय नियमांप्रमाणे अक्षरे इंग्रजी व अंक आंतरराष्ट्रीय वळणाचे असावे लागतात, आणि मालिकेत 'आय' व 'ओ' ही अक्षरे वापरीत नाहीत, कारण ती एक व शून्य यांच्याशी घोटाळतात. वाचकाची सोय पाहून लिपी छाटण्याचे हे उदाहरण आहे, आणि तेव्हा तो वाचक माणूस होता.

मराठी माणसाने या पाटीवर आपला हक्क निराळ्या रीतीने सांगितला. ४१४१ हा क्रमांक असा वळवून लिहावयाचा की तो 'दादा' वाचला जावा. २१४ चा 'राम' करावयाचा. ४९१२ चा 'पवार' करावयाचा. चाराचा कोठे 'द', कोठे 'म', कोठे 'प', आणि एकाचा बिनचूक काना! अंकांतून अक्षर काढण्याचा हा खेळ नियमबाह्य आहे, दंडास पात्र आहे, आणि तरीही भाषिकदृष्ट्या कौतुकास्पद आहे. सरकारने दिलेल्या खुणेत माणूस आपले नाव परत लिहितो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या उच्च सुरक्षा पाटीने हा खेळ संपविला. साचेबद्ध उठावाची अक्षरे, वीस मिलिमीटरचे चक्रांकित होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी क्रमांक, आणि एकदा बसविली की तोडल्यावाचून न निघणारी कडी. जुन्या वाहनांना ती लावून घेण्यासाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदतीमागून मुदत वाढवावी लागली. चोरीच्या गाड्यांना आळा हे तिचे घोषित प्रयोजन होय आणि ते खरेही आहे. परंतु एकसारख्या, परावर्तक पाटीचा सर्वांत सुखी वाचक यंत्र असते, हेही तितकेच खरे.

हे यंत्र १९७६ साली ब्रिटिश पोलिसांच्या वैज्ञानिक शाखेत जन्मले. १९८१ साली त्याच्या मदतीने चोरीच्या गाडीचा पहिला आरोपी पकडला गेला. बाँबस्फोटांनंतर लंडनच्या व्यापारी पेठेभोवती जे कडे घातले गेले त्यात ते १९९७ मध्ये बसले. अदृश्य अवरक्त प्रकाशात पाटी टिपावयाची, अक्षरे सुटी करावयाची, ओळखावयाची आणि यादीशी ताडून पाहावयाची, एवढेच त्याचे काम. महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईसाठी कॅमेऱ्यांच्या जाळ्याची मागणी पुढे आली आणि २०१६ मध्ये सुमारे पंधराशे ठिकाणी पाच हजारांच्या आसपास कॅमेरे उभे राहिले. नागपुरातही सुमारे सातशे ठिकाणी जाळे विणले गेले. जुलै २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर यंत्र स्वतःच वेग मोजते, पाटी वाचते आणि दंडाची पावती पाठवते. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग हा त्याचा सहोदर. टोलनाक्यावर पूर्वी पावती वाहनचालकाच्या खिशात राही, आता नोंद नाक्याच्या संगणकात राहते.

वाचनात चूक होते तेव्हा काय घडते हे अमेरिकेतील अरोरा शहरी ऑगस्ट २०२० मध्ये दिसले. चोरीस गेलेल्या एका मोटारसायकलचा क्रमांक आणि एका कुटुंबाच्या मोटारीचा क्रमांक एकच होता. राज्ये मात्र निरनिराळी. यंत्राने अंक जुळविले, पोलिसांनी बंदुका रोखून लहान मुलींना रस्त्यावर पालथे झोपविले. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही चूक परिचयाची आहे. ध्वनी तोच, बोली निराळी, म्हणून अर्थ निराळा. तीन राज्यांच्या सीमेवर असलेल्या आपल्या जिल्ह्यात ती दुर्लक्षण्याजोगी नाही.

याहून बोधप्रद प्रकरण बर्मिंगहॅमचे. २०१० मध्ये तेथील मुस्लिमबहुल वस्त्यांभोवती दोनशेहून अधिक कॅमेरे उभारले गेले, त्यांतील बहुसंख्य पाटीवाचक आणि काही छुपे. लोकांना सांगितले गेले ते समाजसुरक्षेचे कारण. पैसा होता दहशतवादविरोधी निधीतला. रहिवाशांनी कॅमेरे मोजले, प्रश्न विचारले, चौकशी झाली आणि २०११ मध्ये कॅमेरे उतरविण्यात आले. कॅमेऱ्यांचे नकाशे नागरिकांनीच तयार करण्याची चळवळ यानंतर इतरत्रही वाढली. हैदराबादेत २०२१ साली स्वयंसेवकांनी रस्तोरस्ती फिरून कॅमेरे नोंदविले. अमेरिकेत २०२४ पासून पाटीवाचक कॅमेऱ्यांचा खुला नकाशा लोक भरीत आहेत. याला कोणी आगळीक म्हणेल. परंतु मध्य प्रांताच्या पटवाऱ्याच्या गावनकाशात विहीर, तलाव, पांदण, स्मशान सारे दाखविलेले असे, आणि चावडी कोठे आहे हे तर नकाशावाचूनही ठाऊक असे. पाळत ठेवणारा कोठे बसतो हे पाळतीखालच्याला ठाऊक असणे हा गावगाड्याचा सामान्य नियम होता. हे नवे नकाशे तो नियमच पुन्हा लिहून काढीत आहेत.

एक विरुद्ध बाजू मात्र मांडावयास हवी, आणि ती गोंदिया-गडचिरोलीच्या लोकांनीच आपल्याला शिकविली आहे. नक्षल चळवळीच्या दशकांत या पट्ट्यात 'खबऱ्या' हा शब्द मृत्युदंडासारखा होता. पोलिसांना बातमी दिल्याच्या नुसत्या संशयावरून पोलीस पाटील आणि साधे गावकरी मारले गेले. उलट नक्षलवाद्यांना भाकर दिल्याच्या संशयाने दुसरीकडून छळ झाला. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पाटलावर गुन्ह्यांची माहिती ठाण्याला देण्याचे कर्तव्य टाकले आहे. २००३ मध्ये शासनाने गावबंदी योजना आणून अख्ख्या गावाला बाजू घ्यावयास लावले. अशा मुलखात खांबावरचे मुके यंत्र माणसाला साक्षीच्या ओझ्यातून सोडविते, हे नाकारता येणार नाही. कॅमेऱ्याला कोणी रात्री उठवून जंगलात नेत नाही. जो अभ्यासक शहरात बसून या यंत्राचा सरसकट निषेध करतो त्याने या गावांत चार दिवस काढावेत, असे प्रस्तुत लेखकाला प्रामाणिकपणे वाटते.

पण ओझे उतरते तेव्हा उत्तरदायित्वही उतरते. माग हरवला तर गाव देणेकरी होते. पंजीत चूक झाली तर दुरुस्तीचा अर्ज होता. सौंदडवरून गेलेल्या वाहनाची नोंद कोणत्याही नाक्यावर झाली, तर ती किती दिवस राहते, कोण पाहतो, आणि वाहनमालकाने नक्कल मागावयाची ती कोठे, हे ना गावच्या चावडीवर लिहिलेले आहे ना नाक्यावर. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने नागरिकाला आपल्या माहितीचा गोषवारा मागण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याच्या कलम १७ ने केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना सुरक्षेच्या कारणास्तव कायद्याबाहेर ठेवण्याची मुभाही दिली.

सडक अर्जुनीच्या तहसील कचेरीत कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज घेऊन येणाऱ्यांना गावाचे नाव, पूर्वजाचे नाव आणि अंदाजे साल सांगावे लागते. पाटीवाचक कॅमेऱ्याच्या नोंदीसाठी असाच अर्ज करावयाचा झाल्यास वाहनाचा क्रमांक, रस्ता आणि तारीख एवढे तपशील पुरेसे आहेत. नमुना करणे अवघड नाही. अर्ज स्वीकारणारी खिडकी तेवढी नेमावयाची राहिली आहे.